गळाचा की जाळ्याचा?

मासळीबाजारात आपण काय काय विचारतो ते आठवून बघा. "ताजा आहे ना?" हा पहिला प्रश्न. उत्तर कधीच "नाही" असं येत नाही, तरी विचारतो. मग कल्ले उचलून बघायचे, डोळे बघायचे, पोटाला बोट लावून बघायचं. मग "कसा दिलास मावशी?", मग "एवढा?", मग "कालवणाच्या तुकड्या कर, डोकं टाकू नकोस". इतकी चौकशी करणारे आपण एक प्रश्न मात्र कधी विचारत नाही. हा मासा धरला कसा? गळाने की जाळ्याने? आणि जाळ्याने, तर कुठल्या जाळ्याने?

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न विचारायला हवा, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे पैसे मोजायची तयारीही ठेवायला हवी. ट्रॉलरविरुद्ध मोर्चे झाले, कायदे झाले, समित्या झाल्या. पण जो मासा विकत घेतो त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं आहे, असं आपल्याकडे कुणी धरतच नाही. गिऱ्हाइकाने फक्त भाव करायचा!

हे डोक्यात घोळायला लागलं ते एका दिवसाच्या गरवण्यामुळे. (गरवणं म्हणजे गळाने मासे धरणं. कोकणात गळाला गरी म्हणतात.) मालवणजवळच्या एका छोट्या बंदरात माझ्या मित्राचे काका राहतात. फायबरची होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, आणि चाळीस वर्षांचा अनुभव. नदीत, खाडीत, खडपावर बसून गरवणारे खूप असतात. काका बाहेरच्या पाण्यात जाऊन तळाला गरी सोडतात. सरकारी भाषेत खोल समुद्र याच्याही बराच पुढे सुरू होतो म्हणे, पण किनाऱ्यावरची माडांची रांग दिसेनाशी होऊन मागे नुसते डोंगर उरले की माझ्यासारख्याला ते खोलच.

दिवससुद्धा वाटेल तो चालत नाही. आम्हाला अष्टमीच्या आसपास बोलावलं होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ फार असते, शिसं तळाला टिकत नाही, दोरी तिरकी वाहत जाते. "आज भांगाचा पाणी आसा," काका म्हणाले. भांग म्हणजे दोन उधाणांच्या मधले ते दिवस, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो. पहाटे साडेचारला निघालो. बर्फाची पेटी, पाण्याचा कॅन, आदल्या दिवशीचे बांगडे आणि थोडं माकूल. दीड-दोन तासांनी काकांनी इंजिन मंद केलं आणि डोंगरांकडे बघायला लागले. एका डोंगराची खाच आणि तिच्या अलीकडची एक टेकडी एका रेषेत आली पाहिजे, आणि दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा एका रेषेत आल्या पाहिजेत. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे खाली खडक. जीपीएस होतं, पण ते नंतर बघितलं, खात्री करायला. वडिलांनी दाखवलेल्या खुणा आहेत म्हणे. त्या ते सहसा कुणाला सांगत नाहीत, आणि मलाही सांगितल्या नाहीत.

नांगर खडकावर टाकायचा नसतो. पाणी ज्या बाजूने येतंय तिकडे थोडं पुढे जाऊन टाकायचा आणि दोरखंड सोडत सोडत होडी खडकाच्या वर आणून ठेवायची. मग तंगूस. टोकाला शिसं, त्याच्या वर थोड्या थोड्या अंतराने तीन गऱ्या. शिसं बांधायचा तुकडा मुद्दाम कमजोर घ्यायचा, कारण खडकात अडकणार ते शिसंच. तेवढंच तुटून जावं, गऱ्या आणि मासा वर यावा. अशी अक्कल कुठल्या पुस्तकात मिळणार? बोटांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे चढवायचे, नाहीतर तंगूस बोट कापते.

आणि मग तळ लागेपर्यंत सोडत राहायचं. अठरा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, साधारण सहा फूट. अठरा वाव म्हणजे आमच्या दहामजली इमारतीच्या गच्चीवरून रस्त्यापर्यंत दोरी सोडण्यासारखं झालं. दिसत काही नाही. सगळं बोटाला कळायचं. शिसं खडकावर टेकलं की ठक्क असं लागतं, वाळूवर टेकलं की मऊ. बारीक मासे आमिष कुरतडतात ते वेगळं कळतं, आणि खरा मासा लागतो ते तर हातालाच काय, खांद्यालाही कळतं. एकदा माझी दोरी जड झाली, मी ओढायला लागलो तर काका हसायला लागले. "दगड गप रवता. मासो रवणा नाय." दगड होता!

सकाळपासून दुपारपर्यंत, पाणी फिरण्याच्या आसपासचा तास-दीड तास सोडला तर, आम्ही बहुतेक वेळ नुसते बसून होतो. ऊन, डिझेलचा वास, होडीचं डुलणं. मित्राला उलट्या झाल्या. त्या तास-दीड तासात मात्र दम घ्यायला फुरसत नव्हती. तिघांत मिळून अकरा राणी मासे, दोन तांबोशी, एक शिंगाळा आणि काकांना लागलेला चारेक किलोचा गोबरा (मुंबईकडे ज्याला हेकरू म्हणतात तो). मग पाणी वाहायला लागलं आणि काकांनी गऱ्या गुंडाळल्या. मला वाटत होतं अजून थोडा वेळ बसावं. ते म्हणाले, "इतक्या बास झाला."

आता खरी गोष्ट. बंदरावर परत आलो तेव्हा लिलाव चालू होता. काकांचे मासे एका टोपलीत गेले. खवले जसेच्या तसे, अंग ताठ, धरल्याबरोबर बर्फात ठेवलेले. शेजारी ट्रॉलरच्या मासळीचे ढीग. त्यातही राणी मासे होते, खवले गेलेले, पोटं दबलेली. जाळं वर येईपर्यंत बाकीच्या सगळ्या मासळीच्या भाराखाली चेंगरलेले, दुसरं काय होणार? बोली लागली ती जात बघून आणि आकार बघून. काकांच्या राणी माशांना शेजारच्या ढिगापेक्षा किंचित जास्त मिळाले, ते दिसायला बरे होते म्हणून. बस्स. "ह्यो गरयेचो, ह्या बाजारात कोण इचारता?" काका टोपली धुता धुता म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. पाऊस पडतो तसं सांगितलं.

आणि त्या ढिगांच्या पलीकडे आणखी एक ढीग होता, ज्याचा लिलाव होत नव्हता. बोटाएवढे राणी मासे, बारीक माकूल, खेकड्यांची पिल्लं, नाव नसलेलं बरंच काही, सगळं एकत्र कालवलेलं. ते फिशमिलच्या कारखान्यात जाणार. तिथे त्याचा भुगा होणार आणि तो कोंबड्यांच्या किंवा कोळंबीच्या खाद्यात मिसळणार. आम्ही सकाळी अठरा वावांतून एक एक करून जो मासा वर आणला त्याचीच पिल्लं ती. सकाळी ज्या माशाची वाट बघत बसलो होतो तोच मासा संध्याकाळी फावड्याने ढकलताना बघितला.

ट्रॉलरचं जाळं म्हणजे एक लांब पिशवी. तिचं तोंड फाकलेलं राहावं म्हणून दोन बाजूंना दोन जड फळ्या, आणि खालच्या काठाला साखळी किंवा वजनं. ही पिशवी तीन-तीन, चार-चार तास तळावरून ओढत न्यायची. वाटेत येईल ते आत. तळावरची वनस्पती, शिंपले, स्पंज, माशांना लपायच्या जागा, हे सगळं त्या साखळीखाली येतं. शेत नांगरण्याशी याची तुलना करतात, ती मला पटत नाही. शेतकरी नांगरतो ते पेरायला. इथे पेरतो कोण?

ही पद्धत आपल्याकडे काही पूर्वापार नाही. भारत आणि नॉर्वे यांच्यातल्या सहकार्याचा करार १९५२-५३ सालचा, आणि त्यातून केरळात यांत्रिक बोटींचा प्रकल्प सुरू झाला. कोळंबीला परदेशात भाव आहे हे कळल्यावर साठच्या दशकापासून ट्रॉलिंग पसरत गेलं. मच्छीमाराची गरिबी जावी हा हेतू होता आणि काहींची गेलीही, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण होडीवाला आणि ट्रॉलरवाला यांची भांडणं तेव्हापासूनच सुरू झाली. आपला महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा आहे, तो याच भांडणांच्या काळातला. २०२१ साली त्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांत गेले. २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला गेला, आणि त्याच साली पापलेट राज्याचा मासाही झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने बाहेरच्या समुद्रासाठी, म्हणजे २०० सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या आर्थिक क्षेत्रासाठी, नवे नियम काढले. त्यात एलईडी दिवे लावून मासेमारी आणि दोन बोटींनी मिळून जाळं ओढणं या दोन्हीला मनाई आहे. चांगलंच आहे. पण रात्रीच्या अंधारात वीस मैलांवर कोण काय ओढतंय हे बघायला गस्ती नौका किती पुरणार? तीन तास ओढून झाल्यावर पिशवीतून निघालेला बोटाएवढा मासा कायद्याच्या आकारात बसत नाही हे कळून उपयोग काय? तो तर मेलेलाच असतो.

म्हणून मला वाटतं की कायद्याचा एक पाय बाजारातही असला पाहिजे. हे काही मी हवेत बोलत नाही. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर गळाने मासे धरणाऱ्यांची संघटना आहे. ते आपल्या माशाच्या कल्ल्याला एक छोटा बिल्ला लावतात. मासा गळाचा आहे आणि कुणी धरला, हे त्यावरून कळतं. गिऱ्हाईक त्याचे जास्त पैसे देतं. जपानात एकेक करून गळाने धरलेला मासा तसं सांगून विकतात. आपल्या शेजारच्या मालदीवमध्ये काठीला गळ लावून एक एक करून कुपा पकडतात. त्या मासेमारीला २०१२ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि युरोपातल्या दुकानांत डब्यावर तसं छापून तो मासा विकला जातो. लक्षद्वीपमध्येही कुपा असाच पकडतात, पण आपल्यापैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

विचारणारं गिऱ्हाईक भेटलं की काय होतं याचं उदाहरण तर घरचंच आहे. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्री कासवं अडकून मरतात म्हणून अमेरिकेने २०१९ साली समुद्रातून पकडलेली भारतीय कोळंबी घेणं बंद केलं. त्यानंतर कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी जाळी, तिच्या चाचण्या, कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचं काम, याला केवढी गती आली! कासवं त्याआधी मरत नव्हती का? मरत होती. पण "कसं पकडलं?" हे विचारणारा खरेदीदार समोर उभा राहिला तेव्हा कागद हलले. आता प्रश्न असा की असा प्रश्न विचारायचा अधिकार फक्त अमेरिकेतल्या गिऱ्हाइकालाच का? निर्यातीच्या मासळीसाठी कुठल्या बोटीने कधी पकडली याचे कागद तयार होतात. दादरच्या बाजारात येणाऱ्या मासळीला मात्र जन्मगावच नसतं.

आता यावर काय काय बोललं जाईल ते मला ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं रास्तही आहे.

पहिलं म्हणजे, गळाने मुंबई-पुण्याचं पोट भरणार नाही. अगदी खरं. तिघांनी अख्खा दिवस घालवून जे आणलं ते एका मध्यम खानावळीला एक दिवस पुरलं नसतं. सगळे ट्रॉलर उद्या बंद करा असं मी म्हणतच नाही. हाँगकाँगने २०१२ च्या अखेरीला ट्रॉलिंग बंद केलं, श्रीलंकेने २०१७ साली तळाच्या ट्रॉलिंगवर कायद्याने बंदी घातली. आपल्याकडे हजारो खलाशांचं पोट त्यावर आहे. ते खलाशीसुद्धा कुणी धनदांडगे नाहीत. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहून राबणारी माणसं आहेत. स्वस्त मासळी हा अनेकांच्या घरचा एकमेव मांसाहार असतो, हेही विसरून चालणार नाही. पण म्हणूनच तर म्हणतो, ज्याला परवडतं त्याने तरी विचारावं. हजार रुपयांची तांबोशी घेणाऱ्याला शंभर जास्त देणं जड नाही. ते शंभर रुपये काकांच्या होडीपर्यंत पोचले, तर त्यांच्या पुतण्याला ट्रॉलरवर खलाशी म्हणून जाण्याऐवजी गरवायला जावंसं वाटेल.

दुसरं, फसवणूक. "गळाचाच आहे, साहेब" असं कुणीही म्हणेल. हापूसच्या नावाखाली काय काय विकलं जातं ते आपण बघतोच! पण हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पेटीवर गाव यायला लागलं, आणि थोडा तरी फरक पडला. माशाला बिल्ला लावायचा तर तो बंदरावरच, लिलावाच्या आधी, मच्छीमार सोसायटीने लावावा आणि त्यावर होडीचा नोंदणी क्रमांक असावा. होडीला क्रमांक असतोच. नवीन काही शोधायचं नाही.

तिसरं माझं मीच काढतो. गळ तरी कुठे साधुसंत आहे? गोबऱ्याचंच घ्या. हा मासा आयुष्य सुरू करतो मादी म्हणून, आणि पुढे वाढल्यावर त्यातल्या काहींचे नर होतात. म्हणजे खडकावरचा सगळ्यात मोठा गोबरा काढला की बहुधा तिथला नरच काढला. असे मोठे मोठे मासे भराभर काढत गेलं तर जाळं न लावताही तो खडक ओस पडेल. म्हणून त्या दिवशीचं "इतक्या बास झाला" मला फार मोलाचं वाटतं. गळात आपोआप असलेला संयम फार थोडा. बाकीचा माणसाने आणायचा असतो.

आणि याच ओघात एक गोष्ट सांगतो, कारण हल्ली किनाऱ्यावर हौशी लोकांसाठी गळाच्या सहली निघतात. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा, यात पुण्य आहे असं समजलं जातं. उथळ पाण्यात ठीक आहे. पण तळाच्या माशाच्या पोटात हवेची पिशवी असते. अठरा वावांवर पाण्याचा दाब वरच्या हवेच्या चौपटीहून जास्त. तिथून झटक्यात वर आणला की पिशवीतली हवा तितकीच फुगते. गोबऱ्याचं पोट टम्म झालं होतं, डोळे पुढे आले होते, जठर तोंडातून बाहेर डोकावत होतं. असा मासा पाण्यात सोडला तर खाली जाऊच शकत नाही. उलटा होऊन तरंगत राहतो आणि कुरव येऊन त्याचे डोळे टोचतात. काही देशांत वजन बांधून त्याला परत तळापर्यंत नेऊन सोडतात. तेवढी तयारी नसेल तर सोडल्याचं समाधान निव्वळ आपलं, माशाचं नव्हे. खोल पाण्यात गरवायचं तर जे धरलं ते खायचं आणि पुरेसं झालं की थांबायचं, हाच त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग आहे.

असो. विषय लांबला. रत्नागिरीकडच्या कारखान्यांत राणी माशाचा लगदा करतात, त्याला सुरीमी म्हणतात. तो परदेशी जातो आणि त्याच्या खेकड्याच्या चवीच्या कांड्या होतात. म्हणजे मासा आपला, तळ आपला, आणि खाणाऱ्याला तो मासा होता हेसुद्धा कळत नाही, खेकडाच वाटतो! त्या गिऱ्हाइकाकडून काय अपेक्षा करणार? आपण तरी अजून अख्खा मासा, डोक्यासकट, हातात घेऊन विकत घेतो. आपल्याला विचारणं सोपं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी बाजारात गेलात तर कल्ले बघून झाल्यावर हाही प्रश्न टाका. "गळाचा की जाळ्याचा?" मावशी पहिल्यांदा विचित्र नजरेने बघेल. "माहीत नाही" म्हणेल, किंवा ठोकून देईल काहीतरी. हरकत नाही. चार गिऱ्हाइकांनी तेच विचारलं की पाचवं यायच्या आत ती बंदरावरून चौकशी करून ठेवते. बाजार असाच चालतो. आणि "गळाचा आहे, थोडा महाग पडेल" असं उत्तर आलंच, तर त्या दिवशी भाव करू नका.